स्टीलच्या वाटीतली बारोलो

अमरावतीजवळ नांदगाव पेठेतल्या ज्या कापड कारखान्यात मी मशीनच्या देखभालीचं काम पाहतो, तिथे दोन वर्षांपूर्वी इटलीहून नवे माग आले. ते बसवून द्यायला एक इंजिनीअरही आला. पन्नाशीचा, उंच, कमी बोलणारा. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा वाईट होतं, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं.

अमरावतीच्या उन्हाबद्दल त्याने कधी तक्रार केली नाही. एकदा फक्त मला बाजूला घेऊन विचारलं, "या गावात कायम थंड राहणारी खोली कुठे मिळेल?" मला वाटलं, त्याला बरं नाही. पण खोली तीन बाटल्यांसाठी हवी होती. आमच्याकडे सूत तपासायची खोली बाराही महिने थंड असते. बाटल्या तिथे ठेवल्या. वर मी 'हात लावू नये' असा कागद चिकटवला, त्यामुळे दोन दिवसांत सगळ्या कारखान्याला त्या कळल्या.

तिन्ही रेड वाईन होत्या. माग सुरू झाले की त्या शेजारी शेजारी उघडायच्या आणि तुलना करायची, हे तो घरून ठरवूनच आला होता. एकट्याने तुलना होत नाही, वाद घालायला दुसरं माणूस लागतं, असं त्याचं मत. माग सुरू झाले. दुसरं माणूस मी होतो. मी तोवर फक्त बिअर प्यालो होतो, तीही दुसऱ्यांच्या लग्नात.

बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "इथं नको. शेजारी सोसायटीचे अध्यक्ष राह्यतात. अकोल्याले बाबांकडे घेऊन जा. बाबांवर कोणी संशय घेत नाही."

ते खरं होतं. माझ्या सासऱ्यांनी उभ्या जन्मात सुपारीदेखील खाल्लेली नाही. अकोल्याजवळ त्यांची फुलशेती आहे. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. जावयाने परदेशी पाहुणा आणि दारू घेऊन येऊ का, असं विचारल्यावर ते फोनवर म्हणाले, "पाहुणा जेवते ना पण?"

रविवारी सकाळी निघालो. बाटल्या ओल्या टॉवेलात गुंडाळून पाहुण्याने मांडीवर घेतल्या होत्या. काचेचा एक खास ग्लास त्याने मोज्यात घालून आणला होता. बाकीच्यांची सोय सासरच्या स्टीलच्या ग्लासांवर होती. ते पाहून त्याचा चेहरा जरा पडला.

ओसरीत सतरंजी टाकली. तीन बाटल्या उघडल्या. पहिली कियांती, दुसरी बारोलो, तिसरी अमारोने. दुसरी त्याच्या वडिलांनी स्वतः केलेली. त्यांचा घरचा द्राक्षमळा आहे, असं त्याने तेव्हा पहिल्यांदा सांगितलं.

मी तिन्ही चाखल्या. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता.

"काय फरक वाटतो?"

मी पुन्हा चाखल्या. तिन्ही मला जांभळाच्या काढ्यासारख्या लागल्या. म्हणालो, "तिसरी जास्त लाल आहे."

त्याने मान हलवली. वाद संपला होता.

सासरे इतका वेळ बाजूला बसून पाहत होते. ते म्हणाले, "जवाईबापू, मी पीत नाही. पण वास घेतला तं चालते का, विचारा त्याले."

पाहुण्याने लगेच काचेचा ग्लास पुसून त्यांच्या हातात दिला. अशा रीतीने घरातला एकमेव चांगला ग्लास न पिणाऱ्या माणसाकडे गेला. सासऱ्यांनी पहिला वास घेतला, फुलांच्या बाजारात ढिगाचा घेतात तसा, डोळे मिटून.

"आंबट बोरं. अन् नव्या चपलेचं चामडं."

मी भीत भीत भाषांतर केलं. पाहुणा सरळ होऊन बसला.

दुसरी. यावेळी त्यांनी बराच वेळ घेतला. "गुलाब हाय. ताजा नाही, सुकवलेला. अन् डांबर. आपल्या वावराजवळून रोड गेला, तवा असाच वास येत होता."

डांबर हा शब्द मी कसा सांगावा, या विचारात पडलो. वडिलांनी केलेल्या वाईनला डांबराचा वास येतो, हे पाहुण्याला तोंडावर सांगणं बरं दिसत नव्हतं. शेवटी सांगितलं. पाहुणा उठून उभा राहिला. त्याच्या गावात बारोलो अशीच ओळखतात, म्हणाला. गुलाब आणि डांबर. हे शिकायला त्याला कित्येक वर्षं लागली होती.

तिसरीचा वास घेऊन सासरे म्हणाले, "हे तं मनुके हायेत. द्राक्ष आधी सुकवले कोणी तरी." तेही बरोबर निघालं.

"आता यांतली सगळ्यात चांगली कोणती?" पाहुण्याने विचारलं.

"ते नाकाले नाही समजत," सासरे म्हणाले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाई बाहेर आल्या. आत पाटवडीचा रस्सा शिजत होता आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं. "एकाले चव नाही, एक चाखत नाही. पाहुण्यानं एवढ्या दुरून आणलं ते काय हुंगाले? आणा इकडे."

सासऱ्यांचं तोंड उघडं राहिलं. सासूबाईंनी तीन स्टीलच्या वाट्यांत थोडी थोडी ओतून घेतली आणि तळहातावर चार थेंब घेऊन चाखलं, रश्श्याचं मीठ पाहतात तसं. मध्ये पाण्याने चूळ भरली.

"हे पहिलं जेवणासंग चालते. तिसरं लई गोड बोलते, एका घोटावर ठीक हाय." मग दुसऱ्या बाटलीकडे बोट दाखवून त्या पाहुण्यालाच मराठीत रागावल्या, "हे अजून मुरलं नाही. तोंड आवळते. चांगलं हाय, सगळ्यात चांगलं हेच होईन. पण आताच काहून फोडलं?"

मी भाषांतर केलं. पाहुणा पुन्हा खाली बसला. म्हणाला, "वडिलांनी सांगितलं होतं. दहा वर्षं थांब."

"मग?" मी विचारलं.

"ते ऐंशीचे आहेत. मला वाटलं, त्यांना कशी झाली ते सांगावं."

सासूबाईंना हे सांगितलं. बारोलोच्या वाटीत उरलेलं त्यांनी सगळं पिऊन टाकलं आणि पानं वाढायला गेल्या. जेवताना पाहुण्याने रस्सा तीनदा मागून घेतला. दोनदा नाक पुसलं, ते तिखटामुळे असावं.

जेवणानंतर त्याने वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. म्हातारबाबांना सगळी हकीकत सांगितल्यावर त्यांनी त्या बाईंना दाखव म्हणून हट्ट धरला. सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि फोनला नमस्कार केला. ते मोठ्याने काहीतरी म्हणाले आणि मुलगा लाजला. "माझ्यापेक्षा या बाईला जास्त कळतं, असं म्हणतायत," त्याने मला सांगितलं.

"खरं हाय ते," सासरे म्हणाले.

पाहुणा महिन्याभराने परत गेला. पण त्या दिवसापासून सासरे आणि ते म्हातारबाबा एकमेकांना फोटो पाठवतात. तिकडून धुक्यातल्या वेली येतात, इकडून शेवंती जाते. एकमेकांचं अक्षर कोणालाच वाचता येत नाही, म्हणून कोणी काही लिहीत नाही.

मागच्या दिवाळीत सासऱ्यांनी मला फोन हातात देऊन बसवलं. "त्याले विचारा, त्याच्या मळ्यात दुसरं कोणी दिसत नाही कधी. त्याच्यामागं कोण करीन?"

मी मोबाइलवर भाषांतर करून पाठवलं. उत्तर दुपारी आलं. कोणी नाही, मुलगा मशीन बसवतो.

सासऱ्यांना एकच मुलगी, आणि ती माझ्यासोबत अमरावतीला असते. त्यांनी फोन परत माझ्या हातात दिला.

"लिहा," म्हणाले, "इकडंही तसंच हाय. अन् विचारा, यंदा माल कसा हाय."

माल चांगला होता.