मागच्या जिन्याचं दार

बंद दार दिसलं की ते आधी हात उलटा करायचे आणि हाताची मागची बाजू दाराला टेकवायचे. क्षणभर थांबायचे. मगच कडीला हात घालायचे. मग ते दार ऑपरेशनच्या खोलीचं असो, कॅन्टीनचं असो, नाहीतर संडासाचं. तुम्ही त्यांना असं करताना पाहिलं असतं, तर तुम्हीही थांबून बघत राहिला असता. मी तर थांबलेच होते.

सक्करदऱ्याकडच्या एका खासगी दवाखान्यात मी चादरींच्या खोलीत कामाला होते. धुऊन आलेल्या चादरींच्या घड्या घालायच्या, फाटलेल्या शिवायच्या, चारही मजल्यांवर पोचवायच्या. एक दिवस माझ्या खोलीच्या दाराला असाच उलटा हात टेकवून एक उंच, वाळका माणूस आत आला. खाकी शर्ट, खिशाला दोन पेन, खांद्यावर टूलची पिशवी.

"काहून जी, दाराले ताप आला काय?" मी विचारलं.

ते हसले नाहीत. "दारामागं आग असली तर दार गरम लागते, ताई."

"मग सरळ हातानं पाहा ना."

"तळहात भाजला तर धुरात रांगू कायनं?"

मी जन्मभर दारं उघडत आले होते, पण हा विचार काही माझ्या मनात आला नव्हता. माझ्या हातातली चादर अर्धी दुमडलेली तशीच राहिली.

पूर्वी ते आगीच्या बंबावर होते. तिथून निवृत्त झाल्यावर एका कंपनीत लागले. दवाखान्यातली आगीची साधनं तपासायचं लायसन त्या कंपनीकडे होतं. जानेवारीत एकदा आणि जुलैत एकदा ते आमच्याकडे यायचे. सगळं चालू स्थितीत असलं की एका फॉर्मवर सही करायची, आणि तो फॉर्म फायर ऑफिसात जायचा. ती सही म्हणजे आमच्या मॅनेजर साहेबांचा जीव की प्राण. फाइल तयार, चहा तयार, बिस्किटं तयार. साहेब म्हणायचे, "सगळं ओके आहे भाऊ, हे बघा, मागच्या वेळचे कागद."

"कागद जळते साहेब," हे म्हणायचे. "चालवून दाखवा."

हे त्यांचं एकच वाक्य. पंप असो, घंटा असो, अंधारात लागणारा दिवा असो. चालवून दाखवा. भिंतीवरचा लाल सिलिंडर ते खाली उतरवायचे, काटा हिरव्यात आहे की नाही बघायचे, मग बाळाला खेळवावं तसा त्याला उलटा-सुलटा करायचे. आतली पावडर बसून दगड होते म्हणे. आमची कमल, ही माझ्याबरोबरची आया, ती म्हणायची, "माय वं, ढेकर काढून राहिले त्याची!"

एकदा मोठी गंमत झाली. धूर ओळखणारं जे छताला गोल यंत्र असतं, ते तपासायला त्यांच्याकडे धुराचा डबा असायचा. त्या दिवशी तो संपला. त्यांनी आमच्या देवघरातली अगरबत्ती मागितली, पेटवली, आणि पुरुषांच्या वॉर्डात स्टुलावर चढून यंत्राखाली धरली. दुपारची वेळ, पेशंट झोपलेले. गांधीबागेत कापडाचं दुकान असलेले एक म्हातारे आजोबा वासानं जागे झाले, आणि घाबरून म्हणाले, "कोण गेलं बाप्पा?"

शेजारच्या खाटेवरच्यानं हात जोडले. त्याच्या शेजारच्यानंही. तेवढ्यात घंटा वाजली.

हे स्टुलावरूनच म्हणाले, "कोणी नाही गेलं आजोबा. कोणी जाऊ नये म्हणूनच लावली." पण नंतर माझ्या खोलीत येऊन चादरींच्या गठ्ठ्यावर बसले. म्हणाले, "चुकलं माझं, ताई. भेवाडलं उगाच म्हाताऱ्याले." त्यानंतर दवाखान्यात पाऊल ठेवलं की पहिल्यांदा डबा हलवून बघायचे, भरलेला आहे ना.

आणि चादरीची गोष्ट तर सांगायलाच हवी. आग लागली तर लिफ्ट वापरायची नाही, आणि ज्याला चालता येत नाही त्याला चादरीसकट ओढत जिन्यानं खाली न्यायचं, हे त्यांनी आम्हाला शिकवलं. शिकवलं म्हणजे तोंडी नाही. "चालवून दाखवा. कोण झोपते चादरीवर?" कोणीच पुढे होईना. मग स्वतःच टोपी काढून फरशीवर आडवे झाले. मी आणि कमल डोक्याकडचे कोपरे धरून ओढत जिन्यापर्यंत गेलो. दोन पायऱ्या उतरलो, आणि फर्रकन आवाज झाला. चादर मधोमध फाटली. हे तिसऱ्या पायरीवर बसलेले, आम्ही दोघी हातात एकेक चिंधी घेऊन उभ्या.

सगळे हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. चादर माझी होती ना!

ते कंबर चोळत उठले. "बरं झालं, माह्यावर फाटली," एवढंच म्हणाले.

मी आठ दिवस मशीनवर बसले आणि प्रत्येक वॉर्डासाठी जाड पट्टी लावलेल्या चादरी शिवल्या. पुढच्या खेपेला त्यांनी एकेक पट्टी ओढून पाहिली. नर्सांना सांगितलं, चारही कोपरे नुसते दुमडा, गादीखाली खोचू नका, वेळेवर सटकन निघाले पाहिजेत. नर्सा हो म्हणाल्या आणि ते गेल्यावर पुन्हा घट्ट खोचू लागल्या, कारण मेट्रनबाईंना ताणलेली चादर आवडायची.

दुपारचा डबा ते मागच्या जिन्यावर बसून खायचे. मी म्हणायची, माझ्या खोलीत पंखा आहे, तिथे बसा. तर म्हणायचे, "जिन्यावर बसल्याबिगर जिना समजत नाही." हळूहळू मीही माझी भाकरी घेऊन तिथे जाऊ लागले. त्यांच्या बायकोला ठेच्यात लसूण जास्त लागायची, माझ्या धाकटीचं लग्न जमत नव्हतं, असं सगळं त्या पायऱ्यांवर बोलणं व्हायचं. आगीच्या गोष्टी मात्र त्यांनी कधी सांगितल्या नाहीत.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगते, कारण ते टाळलं तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या मजल्यावरून त्या मागच्या जिन्यात जायला एक दार होतं. त्याला कुलूप असायचं. कारण भेटीची वेळ नसताना नातेवाईक तिथून डबे घेऊन वर यायचे, आणि एकदा तर गल्लीतलं कुत्रं थेट वॉर्डात आलं होतं. कुलपाची चावी माझ्या कमरेला. त्यांनी पहिल्याच खेपेला विचारलं होतं, "चावी कोणाजवळ?"

"माह्याजवळ. मी इथंच असते."

"अन् तुम्ही जेवाले गेल्या तर? तुमाले ताप आला तर?"

मॅनेजर साहेबांनी कुलूप काढतो म्हणून सांगितलं. आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मावशी, ते यायच्या दिवशी काढत जा, गेले की लावत जा."

मी तसंच केलं. एकदा नाही, तीन खेपा केलं. ते विचारायचे, "ताई, आता कुलूप नसते ना?" मी म्हणायची, "नाही जी." आणि ते खाली मान घालून सही करायचे. मॅनेजर साहेबांवर त्यांचा विश्वास नव्हता, माझ्यावर होता. हे मला तेव्हाही कळत होतं. पण नोकरी होती, साहेबांनी सांगितलं होतं, आणि खरं सांगू, मला वाटायचं, कुठे लागते आग!

एका जुलैत ते सही करून गेले आणि चष्मा जिन्यात विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायला आले. मी वॉर्डात चादरी वाटत होते. ते त्या दाराशी गेले. उलटा हात टेकवला. मग दार ढकललं. ते हललं नाही.

मी जवळ गेले तेव्हा ते कुलूप हातात धरून उभे होते. मी कमरेची चावी काढली.

"राहू द्या," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एका जागी आम्ही पोचलो तवा आग विझली होती. माणसं दारापाशी सापडली. दार शाबूत होतं, ताई. कुलूपही शाबूत होतं."

मी रडू लागले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. चष्मा न घेताच पुढच्या जिन्यानं उतरून गेले. वळणावर थांबून एवढंच म्हणाले, "मी फॉर्मवर कुठं सही केली होती. तुमच्या बोलण्यावर केली होती."

त्याच आठवड्यात त्यांनी पत्र लिहून आपली सही मागे घेतली. आमच्या दवाखान्याला नोटीस आली. धावपळ झाली, दार बदललं, त्याला आतून नुसतं ढकललं की उघडणारा आडवा दांडा बसवला. पण त्यांच्या कंपनीनं त्यांना आमच्याकडून काढून शहराबाहेर, बुटीबोरीच्या कारखान्यांवर पाठवलं. त्यांचं घरही सक्करदऱ्यातच, तिथून रोज दोन बस बदलून जायचं, त्या वयात. नवा माणूस आला तो खुर्चीत बसूनच फाइल पाहायचा. त्याला चहाबरोबरची बिस्किटं फार आवडायची.

चार-सहा महिन्यांनी मॅनेजर साहेबांनी मला एक साखळी दिली. "मावशी, दांड्याला अडकवून ठेवा. पुन्हा नातेवाईक यायला लागले."

मी म्हटलं, "मी नाही लावत, साहेब."

"मग कोण लावणार?"

"ज्याले लावाची त्यानं लावा. अन् 'साखळी मी लावली' असं लिहून फॉर्मवर सही करा."

मला वाटलं, गेली नोकरी. पण साखळी त्यांच्या टेबलाच्या खणात गेली ती गेली. त्या दिवसापासून मी दुपारच्या घड्या त्या दारासमोरच्या भिंतीला टेकून घालू लागले. डबेवाला नातेवाईक दिसला की ओरडायची, "ए भाऊ, उलट्या पायी खाली हो!" कुत्र्यालाही तेच सांगायची. माझा आवाज तुम्ही ऐकला नाही, नाहीतर म्हणाला असता, या दाराला कुलपाची गरज नाही.

हे त्यांना कळवावं असं फार वाटायचं. पण कोणत्या तोंडानं कळवू? जिन्यात सापडलेला त्यांचा चष्मा माझ्या शिवणाच्या डब्यात तसाच होता.

मग मागच्या वर्षी ते आले, पण स्ट्रेचरवर. छातीत पाणी झालं होतं. आमच्याच दुसऱ्या मजल्यावरच्या पुरुषांच्या वॉर्डात त्यांना ठेवलं. नर्स सांगत होती, खिडकीजवळची छान खाट रिकामी आहे, पण आजोबा ऐकत नाहीत, दाराजवळचीच पाहिजे म्हणतात, त्या मागच्या दाराजवळची.

मी चादर घेऊन गेले. चष्मा त्यांच्या उशाशी ठेवला. त्यांनी तो लावला, माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, तो बोटानं जरासा वर केला.

"ताई, चालवून दाखवा."

मी दाराशी गेले. हात उलटा करून टेकवला, तसाच, त्यांच्यासारखा. मग दांडा ढकलला. खट्ट झालं आणि दार सताड उघडलं. जिन्यातला उजेड त्यांच्या खाटेच्या पायापर्यंत आला. जिना खालपर्यंत रिकामा होता, एक बादलीसुद्धा नव्हती. मी दार बंद केलं आणि पुन्हा एकदा उघडलं, त्यांनी सांगितलं नव्हतं तरी.

"हं," ते म्हणाले. मास्क खाली केला. आणि हवेत पेन धरल्यासारखी दोन बोटं धरून सही केली.

आमच्या दवाखान्यात आग कधी लागली नाही. त्यामुळे त्यांच्या नावानं सांगायला मोठा पराक्रम काही नाही. सगळं नीट असलं की काहीच घडत नाही, असं त्यांचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना मोठ्या दवाखान्यात हलवलं. तिथून ते घरी आले नाहीत. त्यांना नेल्यावर लगेच मी खाट रिकामी करायला गेले होते. नर्सनं आदल्या दिवशी माझ्यासमोर ती चादर घट्ट खोचली होती, मेट्रनबाईंना आवडते तशी. आता चारही कोपरे गादीखालून काढलेले होते, आणि अगदी नीट दुमडून ठेवलेले होते.