लोणारच्या बसमधला पेढा

वेलचीचा वास आला की मला लोणारच्या स्टँडवरची ती भर दुपार आठवते. आमच्या भागातला एक मोठा पुढारी त्या सकाळी वारला होता. त्याच्या माणसांनी एकदा माझ्या भावाचं दुकान जाळलं होतं. मी एसटीत बसले होते, तेवढ्यात ओळखीतला एक जण दात काढत चढला आणि त्याने माझ्या हातावर दोन पेढे ठेवले. "गेला एकदाचा! घ्या ताई, तोंड गोड करा." एक मी तिथंच खाल्ला, आणि तो मला गोड लागला. पेढे देणारा उतरला, आणि पदराने डोळे पुसत एक म्हातारी शेजारी येऊन बसली. "साहेब गेले वं. माह्या पोराचं आपरेशन त्या साहेबानंच करून देलं होतं," ती म्हणाली. मग माझ्या हाताकडे बघून तिने विचारलं, "पेढा कायचा वं, बाई?" "भाचीले पोरगी झाली," मी म्हणाले आणि उरलेला पेढा तिला दिला. तिने तो कपाळाला लावून खाल्ला. तिच्या साहेबाच्या मरणाचा पेढा ती खात असताना मला आतून बरं वाटलं. "सुखी राहो लेकरू," ती म्हणाली. मला भाची नाही. पेढे वाटणाऱ्याला मी पुढे चारचौघांत खूप शिव्या घातल्या. स्वतःची आलेली शिसारी मात्र मी अजून कुणाजवळ बोलून दाखवलेली नाही.