सत्कार सोडून गेलेल्या वन्सं

मुलं समोर बसली की जगात मोठी माणसंही असतात हे साफ विसरणारी एकच बाई मी पाहिली, ती म्हणजे माझी थोरली नणंद. वन्सं मुलांसाठी गोष्टी लिहायच्या. नवी गोष्ट आधी पंचवटीतल्या आमच्या गल्लीतल्या पोरांना ऐकवायच्या, आणि कुणी जांभई दिली की तेवढा भाग तिथल्या तिथे खोडून टाकायच्या. एकदा आमच्या धाकट्यानं सर्दीमुळे नुसतं तोंड उघडलं, तर बिचारा एक राजपुत्र कायमचा गेला.

अशा वन्संना नाशकातल्या एका साहित्य महोत्सवात गोष्ट सांगायला बोलावलं. सोबत मी. तेव्हा मी जेमतेम साठीची, म्हणजे पोरवयच. अंगावर पैठणी आणि डोळा पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर. सिन्नरच्या एका शाळेची मुलं खास बसनं आली होती. पण सत्कार आवरल्याशिवाय आपल्याकडे काही सुरू होतं थोडंच? दिवा लावून झाला, पाहुण्यांचे सत्कार झाले, मग सत्कार करणाऱ्यांचे झाले, वन्संची ओळख करून देणाऱ्या गृहस्थांचीही सविस्तर ओळख झाली. वन्सं मुलांकडे बघत नुसत्या चुळबुळत होत्या. शेवटी त्यांच्या अंगावर शाल पडली, हातात नारळ आला, आणि नेमकं तेव्हाच शाळेच्या बाईंनी बसची वेळ झाली म्हणून मुलांना उठवलं.

वन्सं शालीसकट व्यासपीठावरून उतरल्या, नारळ माझ्या मांडीत टाकला आणि मुलांच्या मागून चालू लागल्या.

"अहो वन्सं, फोटो राहिलाय," मी म्हटलं.

"तू काढून घे गं. माझी पोरं चाललीत."

आणि त्या बसमध्ये चढल्या. सिन्नरपर्यंत गोष्ट चालली. शाळा आली तरी शेवट ऐकल्याशिवाय ड्रायव्हरनं म्हणे दारच उघडलं नाही. इकडे मी नारळ धरून फोटोला बसले. फोटो झकास आलाय. बघणाऱ्याला वाटावं, लेखिका मीच.

संध्याकाळी एसटीनं परतल्या, तेव्हा घसा पार बसलेला, पण चेहरा असा उजळलेला की बघत राहावं. मी गोष्ट विचारली तर म्हणाल्या, "आज सगळी तिकडेच देऊन आले. तुला उद्या सांगते." तो उद्या आल्यागेल्यात आणि दळणकांडणात राहूनच गेला. आता वन्सं नाहीत, आणि ती गोष्ट त्यांनी कागदावर कधी उतरवलीच नाही. हल्ली सिन्नरकडची कुणी तरुण मुलगी भेटली की मी उगाच तिची शाळा विचारते. त्या बसमध्ये होते म्हणणारी अजून भेटायची आहे.