रखमीचा दगड

आमच्या सूर्यमाळच्या पाड्यावर चैत्र संपला की झऱ्याचं पाणी वाटीवाटीनं भरावं लागतं. उन्हात हंडे घेऊन किती वेळ बसणार, म्हणून बायका नंबराला दगड ठेवतात. ज्या त्या घरचा दगड ठरलेला असतो आणि तो सगळ्यांना ओळखू येतो.

जिजाआजी दोन दगड ठेवायची. एक तिचा, एक लेकीचा. लेक रखमी बऱ्याच वर्षांमागं गोरखबरोबर वीटभट्टीवर निघून गेली, आईच्या मनाविरुद्ध. "परत तोंड दाखवू नको," असं जिजा रागात बोलून बसली आणि लेकीनं ते खरं केलं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात रखमीचा काळा, पांढऱ्या रेघेचा दगड रांगेत असायचाच. त्याची पाळी आली की जिजा स्वतःच तो उचलून शेवटी नेऊन ठेवी. त्या दगडावर तिनं कधी थेंबभर पाणी जास्त घेतलं नाही, म्हणून भांडण नव्हतं. रामी तेवढी टोमणा मारायची, "आजे, दगडाला तहान लागली का गं?"

"येल ती," जिजा म्हणायची. "आली म्हंजे मागं उभं राहाय नको तिला."

यंदा खोडाळ्याच्या बाजारादिवशी देवजी एका पोरीला घेऊन वर आला. भट्टीवर तो रखमीच्या शेजारच्या झोपडीत राहायचा. पोर आठ-नऊ वर्षांची, नाव सपना, अंगात बापाचा ढगळ शर्ट.

"मावशे, रखमी तापानं गेली," देवजी म्हणाला. "गोरखनं दुसरी बायको केली. ही तुझी नात."

जिजानं पोरीला नाचणीची भाकर दिली, पण जवळ घेतलं नाही. "माझी रखमी धडधाकट हाय. ही कोनाची पोर, मला ठाव नाय. पुढल्या बाजाराला येशील तवा घेऊन जा."

मला रागच आला. पण पोरीला नात म्हणायचं तर लेक गेली असं म्हणावं लागतं, आणि ते जिजाच्या तोंडून निघत नव्हतं. संध्याकाळी देवापुढं दिवा लावताना मी आजी-नातीचं नाव घेतलं. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी सपना हंडा घेऊन जिजामागं झऱ्यावर आली. रांगेतले दगड बघत बघत चालली आणि एकाएकी थांबली.

"ये तो आईचा दगड."

बायका वळल्या. रामीनं विचारलं, "तुला गं कोनी सांगतलं?"

"आईनंच. भट्टीवर टँकर आला की सगळे ढकलायचे. आई बोलायची, सूर्यमाळला माझा दगड हाय, काळा, सफेद लाईनवाला. तिथं आपल्याला कोनी ढकलत नाय."

जिजा ऐकत होती. तेवढ्यात त्याच दगडाची पाळी आली. तिनं उठून तो उचलला. आम्हाला वाटलं, नेहमीसारखा मागं नेणार.

"आईचा नंबर आईला मिळल," रामी पोरीला टोकत म्हणाली. "बोलव की तिला."

"वो तो मर गई," सपना म्हणाली. मग हळूच, "मी भरू का?"

जिजा दगडावरच्या पांढऱ्या रेघेवरून अंगठा फिरवत राहिली. कुणी घाई केली नाही. शेवटी तिनं मोकळ्या हातानं पोरीचा हंडा ओढून पुढं ठेवला.

"भर. तुझाच नंबर."

सपनानं पहिली वाटी भरली. जिजानं ती तिच्या हातातून घेतली आणि दगडावर ओतली. माणूस गेलं की त्याच्या नावाच्या दगडावर, जीवखड्यावर, पाणी घालतात. रखमीला तिकडं कुणी घातलं होतं की नाही, देव जाणे. तसल्या दिवसांत वाटीभर पाणी मातीत गेलं, पण एक बाई बोलली नाही. रामीनं पदर तोंडाला लावला. जिजा तिथंच खाली बसली आणि इतक्या वर्षांचं रडली. पोर मधून मधून आजीकडं बघत हंडा भरत राहिली. तिचं रडून आधीच झालं असावं.

असा दगड खरं तर पाण्यात सोडायचा. जिजानं सोडला नाही.

पुढल्या बाजाराला देवजी ठरल्याप्रमाणं आला. जिजा अंगणात नाचणी पाखडत होती.

"पोर कुठं?"

"पान्याला गेलीय," मान वर न करता ती म्हणाली. "नंबर हाय तिचा. तू जेवून जा."