अक्कासाठी केलेला मेनू

लिहिलेलं खोडण्याचा एवढा तिटकारा असलेला माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात आमच्या दाजींशिवाय दुसरा सापडायचा नाही. पत्रात एक वेलांटी चुकली की ते नवा कागद घेत. एकदा वरणात मीठ जास्त पडलं, तर त्यात पाणी ओतायचं सोडून त्यांनी दुसरं वरण लावलं, आणि माझी अक्का दोन दिवस दोन्ही वरणं खात बसली. एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीत ते कॉम्प्युटर सांभाळायचे. तिथल्या वेबसाइटवर पीक निवडलं की खाली त्याच्या वाणांची यादी उघडे, ती यांची करामत. हे सगळं प्रोग्रॅमिंग ते फंक्शनल पद्धतीने करत. म्हणजे काय, हे विचारण्याची चूक मी एकदा केली. "गिरणी बघ. ज्वारी टाकली की ज्वारीचंच पीठ. काल कुणी काय दळलं ते तिला याद राह्यत न्हाई. माझी फंक्शनं तशीच. पीक टाक, यादी घे. जुन्या यादीला हात लावायचा न्हाई, बिलकुल नवी करायची." आतून अक्का म्हणाली, "माझ्या गव्हात दुसऱ्याची ज्वारी येती, ते बरं तिला याद राह्यतं!"

पुढे अक्काला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. दाजींनी रजा काढली, कॉम्प्युटर तिच्या पलंगाशी आणला आणि तिच्यासाठी मेनू बनवला. डाव्या हाताने माउस फिरवून "काय पाहिजे?" उघडायचं, चहा निवडला की पुढे "साखर किती?" उघडायचं. "कुणाला बोलवू?" या यादीत मुलगी होती, शेजारच्या काकू होत्या, मीसुद्धा होतो. पण अक्का नेमकी तीच यादी उघडायची, वरून खाली बघायची आणि काहीही न निवडता बंद करायची. दाजींनी आठवडाभर एकेक फंक्शन तपासलं. "कुठंच चूक न्हाई रे. मंग ही निवडत का न्हाई? हिच्या मनातलं मला कळायचंच न्हाई का आता?" त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

मी यादी वाचली. "दाजी, यात तुम्ही कुठंयत?"

"मी तर हितंच बसेल असतो. मला कशाला बोलवायचं?"

घरातल्या सगळ्या माणसांतून त्यांनी स्वतःलाच पद्धतशीर गाळलं होतं. अक्का भरल्या डोळ्यांनी मान हलवत होती. दाजी घाईने आपलं नाव टाइप करायला गेले आणि थांबले. पंचवीस वर्षांत, उखाणा सोडला तर, तिने ते नाव कधी घेतलं नव्हतं. दाजींचे कान लाल झाले. नव्या यादीत त्यांनी लिहिलं, "अहो".

अक्काने ते निवडलं. पुढे काही उघडलं नाही, कारण पुढचं त्यांनी लिहिलंच नव्हतं. "थांब, करतो जल्दी," म्हणत त्यांनी कीबोर्ड ओढला, तर तिने तो बाजूला सारला आणि परत "अहो" निवडलं.

"काय गं?" दाजी म्हणाले.

तिने पुन्हा निवडलं.

"काय गं?"

अक्काची वाचा शेवटपर्यंत आली नाही. तिचा आवाज आता मला नीट आठवतही नाही, याचं फार वाईट वाटतं. पण त्या दुपारी ती नवऱ्याला हाका मारत होती, आणि तो प्रत्येक हाकेला ओ देत होता.