अक्कांची चौथी भाषा

बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमारास आमच्या शेजारी राहणाऱ्या अक्का घरात तेलुगू बोलत, बाजारात दखनी आणि आमच्याशी मराठी. तरी मिशनच्या दवाखान्यातल्या स्पॅनिश सिस्टरकडून त्या चौथी भाषा शिकत होत्या.

"आता ही कशाला?" मी विचारलं, तर फणकारल्या, "सिस्टर मराठी शिकली की. मग मी काय कमी हाय व्हय?"

मागाशेजारी सुताच्या कांड्या भरतानाही त्यांचं घोकणं चाले. मला झोप लागो, तुला झोप लागो, याची स्पॅनिश रूपं. त्यातलं 'आम्हाला'चं रूप वाकडं. तिथं चुकल्या की जीभ चावून पुन्हा पहिल्यापासून सुरू.

आमच्या गल्लीतली तान्ही पोरं मागांच्या खडखडाटातच झोपत. एका दुपारी वीज गेली, माग थांबले आणि दात येत असलेली माझी लेक किंचाळत उठली. काही केल्या गप्प होईना. अक्कांनी तिला मांडीवर घेतलं आणि मागाच्याच ठेक्यात थोपटत म्हणू लागल्या, "मे दुएर्मा, ते दुएर्मास, से दुएर्मा, नोस दुर्मामोस..." 'आम्हाला'वरही अडखळल्या नाहीत. लेकीचे डोळे मिटले.

अक्कांनी मान ताठ केली. "सिस्टरला सांगते," त्या हळूच म्हणाल्या, "तुमची भाषा सोलापुरात चालती म्हणून."