मामूंचा ट्रक

आमच्या आळीतल्या गणपती मंडळाच्या अध्यक्षाने पाटेवाल्या मामूंना फसवले. मामू आता नाहीत, म्हणून ते हळू आवाजात सांगावे असे मला वाटत नाही.

मामू महाडला हायवेवर ट्रकचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, बसवत. गाडी आली की आधी वाकून खालून बघत. मी जुन्या टायरांचा धंदा करतो, भावात कुणाला सोडत नाही. त्यांच्याशी घासाघीस करताना आवाज चढला की म्हणत, "शेट, तापलास. जरा बाजूला उभा राहा, नायतर फुटशील."

एका वर्षी मंडळाने कशेडी घाटाचा देखावा ठरवला. चढावर चालणारा ट्रक मामूंनी करायचा आणि देखावा उतरला की तो त्यांचाच, हे अध्यक्षाने माझ्यासमोर कबूल केले. मामूंनी गुडघाभर उंचीचा लोखंडी ट्रक केला, एकट्याला उचलेना इतका जड. पाटे म्हणून करवतीची पाती एकावर एक बांधली. हौद्यात काठोकाठ भरलेली चहाची बशी ठेवून तो खडीवरून ओढत. चहा सांडला की एक पाते काढत, गाडी बसली की परत घालत. "पाटा कडक झाला तर माल नाचतो रे, नरम झाला तर गाडी रडते." चाकांना सायकलचे रबर लावले, स्लीपरचे तळ लावले, चढावर सगळे घसरले. शेवटी माझ्या ढिगातला एक टायर न विचारता कापला. मी भडकलो.

"गप रे," मामू म्हणाले, "तुझा एक तरी टायर घाट चढतोय."

खरेच चढला. लोक रांगा लावून बघत होते.

विसर्जनानंतर अध्यक्ष म्हणाला, "मामू, पोरांनी देखाव्याबरोबर ट्रकपण सावित्रीत सोडला हो."

मामूंनी विश्वास ठेवला. पाणी उतरले की ते नदीत उभे राहून काठीने तळ चाचपत. दरवर्षी. मी रागावलो तर म्हणत, "लोखंड हाय, वाहून जायचा नाय." शेवटी तिथूनच ताप घेऊन आले, ते उठलेच नाहीत.

त्यानंतर मी बिरवाडीला एका कारखानदाराकडे गेलो होतो. केबिनमध्ये काचेच्या कपाटात ट्रक. टायर बदललेले, खेळण्यातले, चकचकीत. मी वाकून खालून पाहिले. पाट्यांना करवतीचे दात होते.

"तुमच्या अध्यक्षांनी भेट दिलाय," साहेब कौतुकाने म्हणाले.

अध्यक्षा, मामी अजून विचारते, ट्रक सापडला का. तिच्या दारात ये आणि सांग: ट्रक कपाटात होता, तर माणसाला नदीत का उतरवलेस?